एक वीत, चार बोटं

रबाळ्याच्या शेडमध्ये आम्ही बसचं दार बांधलं, प्लायवुडचं.
बस नव्हती. नुसतं दार, दोन पायऱ्या, पिवळा दांडा
आणि दांड्यावर वाळत घातलेला
वॉचमनचा टॉवेल.

आराखड्यात लिहिलं होतं: पायरी, तीनशे चाळीस मिलिमीटर.
गोठिवलीचे मढवीकाका आले,
मिठागरात चाळीस वर्षं भिजलेले पाय घेऊन.
काठी बाजूला ठेवली, वाकले,
पंजा पसरून मोजलं.
"एक वीत न् चार बोटां."
मग गुडघ्यावर थाप मारून म्हणाले,
"ह्यो एक वीतच वर जातं. चार बोटां तुमची."

चार बोटं आमची.
महिनाभर मी ती स्क्रीनवर शोधत होते.
चाकावरच्या हवेच्या पिशव्या बदलल्या, झडपा बदलल्या,
शेवटी एका डेपोत खरीखुरी बस
दाराच्या अंगाला झुकली,
झुकताना लांब सुस्कारा सोडून.
काका हसले. "ही पन म्हातारी झाली."

नीलोफर धनसे तुर्भ्याहून आली,
स्वतःची खुर्ची स्वतः ढकलत.
शेडला उंबरा होता.
पाच वर्षं आम्ही तो ओलांडत होतो
हातात रॅम्पचे नकाशे घेऊन.
तिला उचलायला तिघं धावले.
तिनं तळहात दाखवला. "फळी आहे का?"
होती.
फळ्याच फळ्या होत्या.

रॅम्प उघडला. टीं टीं टीं टीं.
"हे कशाला?"
नियम आहे, मी म्हटलं. लोकांनी बाजूला व्हावं म्हणून.
"टेम्पो रिव्हर्स घेताना वाजतं ते.
मी माल नाही, ताई.
मालाचा हिशेब ठेवते, कांदा-बटाटा मार्केटला."
कोणी काही बोललं नाही.
मग दुपारभर आवाज काढत बसलो,
शिट्टी, घंटी, पेटीचे दोन सूर,
कोणीतरी मांजराचाही काढला.
तिनं निवडला तो कडीचा होता,
बंद दारावर हलकेच वाजवलेल्या.
कोणीतरी आलंय,
इतकंच सांगणारा.

राहिला वेळ.
थांब्यापासून दारापर्यंत काकांना बारा सेकंद.
दारापासून बाकापर्यंत अठरा.
गाडी सुटते नवव्याला.
उरलेल्या एकवीस सेकंदांची मोटर
मला कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळाली नाही.
बाकाच्या दांड्यात सेन्सर बसवला:
मूठ आवळली गेली
की मगच ड्रायव्हरपुढचा दिवा हिरवा.
ड्रायव्हर पाचंगे दिव्याकडे बघत राहिले.
"मला चालतंय, मॅडम. पण मागनं हॉर्न मारत्यात,
त्यांच्यात बी कायतरी बसवा."
मी वहीत लिहिलं. लिहून ठेवायची सवय आहे.

चाचणीचा दिवस. घणसोलीचा थांबा.
बस आली, सुस्कारली, झुकली.
रस्त्याच्या मधोमध.
थांब्याला लागून एक स्कूटर उभी होती, सीटवर हेल्मेट,
पलीकडे केबलसाठी खणलेला चर.
कडी वाजली.
रॅम्प बाहेर आला आणि हवेत टेकला.
नीलोफर फुटपाथवर,
काका तिच्या शेजारी.
काकांनी काठी आडवी धरून अंतर मोजलं,
दीड काठी.
कोणाची, ते विचारलं नाही.

संध्याकाळी शेडवर परतले
तर आतून ठाक ठाक आवाज.
वॉचमन उकिडवा बसून
छिन्नीनं उंबरा फोडत होता,
टॉवेल डोक्याला बांधलेला, भुवया सिमेंटनं पांढऱ्या.
"फळी कोण रोज शोधणार?" म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता
पाय जरा बाजूला घ्यायला सांगितलं.